भाताच्या शेतातलं ‘औषध’ अंगात कुठून शिरतं?

पाठीवर भरलेला पंप. एका हाताने दांडा वर-खाली चाललाय, दुसऱ्या हातात नळी, नळीच्या टोकाला नोझल. पाय घोट्याच्या वर चिखलात रुतलेले. भात मांडीपर्यंत आलंय. माणूस नळी डावीकडून उजवीकडे फिरवत सरळ पुढे चालतो, म्हणजे ज्या पानांवर त्याने आत्ता फवारा मारला त्याच ओल्या पानांतून त्याचं पुढचं पाऊल पडतं. दहा मिनिटांत चड्डी मांड्यांना चिकटते. टाकीचं झाकण घट्ट बसत नाही, त्यामुळे वाकलं की चार थेंब मानेवरून पाठीत उतरतात. नोझलमध्ये कचरा अडकला की तो ते काढून तोंडाने फुंकतो आणि परत बसवतो.

या माणसाच्या अंगात विष कुठून जातं असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, नाकातोंडातून. म्हणून तर तो नाकाला फडकं बांधतो. फडकं बांधलं की आपण काळजी घेतली असं त्यालाही वाटतं आणि बघणाऱ्यालाही. पण पाठीवरच्या पंपाचे थेंब जाड असतात. ते फार वेळ हवेत तरंगत नाहीत, खाली पडतात. श्वासातून थोडं जातं, नाही असं नाही. बहुतांश विष मात्र कातडीतून शिरतं: मांड्या, पोटऱ्या, हात, पाठ आणि जांघ. भाताच्या शेतात तर पायांवर सगळ्यांत जास्त बसतं, कारण पाय सतत ओल्या पिकाला घासत असतात.

कातडी हा पावसापुरता छत्रीसारखा आडोसा आहे असं आपण धरून चालतो. पण कीटकनाशकांतली बरीच रसायनं तेलात विरघळणारी असतात आणि किड्याच्या अंगावरचं कवच भेदून आत जावीत म्हणूनच ती निवडलेली असतात. माणसाच्या कातडीतूनही ती सरकतात, आणि अंगावर सगळीकडे सारख्या वेगाने नाही. पॅराथिऑन नावाच्या कीटकनाशकावर अमेरिकेत १९७०च्या सुमारास माणसांवरच मोजमाप झालं. कोपराखालच्या हाताच्या कातडीतून जेवढं शिरतं ते एक पट धरलं, तर डोक्याच्या आणि कपाळाच्या कातडीतून सुमारे चौपट शिरत होतं, काखेतून सातपटीहून जास्त, आणि पुरुषाच्या अंडकोषावरच्या कातडीतून जवळजवळ बारापट. आता ती मांड्यांना चिकटलेली ओली चड्डी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. ज्या जागेचं दार सगळ्यांत सताड उघडं, तिथेच ओलं कापड दोन-तीन तास दाबून ठेवलेलं असतं. वरून ऊन आणि घाम. उकाड्यात कातडीजवळचा रक्तप्रवाह वाढतो, ओल्या कातडीतून शोषणही वाढतं.

दुसरी धोक्याची वेळ फवारणीच्या आधीची, औषध कालवायची. लिटरला दोन मिली असं प्रमाण असेल तर बाटलीतला द्रव टाकीतल्या पाण्यापेक्षा पाचशे पट जहाल असतो. कालवताना हातावर एक मिली सांडलं, म्हणजे टाकीतलं अर्धा लिटर पाणी अंगावर ओतून घेतल्यासारखं झालं. आणि हेच काम कित्येकदा उघड्या हाताने, काठी सापडली नाही तर हातानेच ढवळून होतं. दाणेदार कीटकनाशकं ओंजळीने फेकण्याचंही तेच. दाणा कोरडा दिसतो म्हणून निरुपद्रवी वाटतो. तो घामाने भिजलेल्या तळहातावर विरघळतो हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मला यात सगळ्यांत जास्त खटकतो तो शब्द. ‘औषध’. औषध मारलं, औषध आणलं, औषध कमी पडलं. पिकाच्या बाजूने बघितलं तर शब्द बरोबर असेल, पण तो सोबत औषधाचं सगळं तर्कशास्त्र घेऊन येतो. गुण येत नसेल तर मात्रा वाढवायची. एकाने भागत नसेल तर दोन-तीन एकत्र करायची. अंगावर थोडं उडालं तर काय बिघडलं, औषधच तर आहे. पुढे या लेखात मी त्याला विष म्हणणार आहे.

नेमकं बिघडतं काय

भातावर वर्षानुवर्षं सर्वाधिक वापरली गेलेली कीटकनाशकं दोन घराण्यांतली आहेत: ऑर्गेनोफॉस्फेट आणि कार्बामेट. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, मिथाइल पॅराथिऑन, डायझिनॉन ही पहिल्यातली. कार्बोफ्युरान, कार्बारिल ही दुसऱ्यातली. दोन्ही एकाच जागी घाव घालतात.

आपल्या शरीरात नसेकडून स्नायूकडे किंवा ग्रंथीकडे निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. निरोप पोहोचला की ते रसायन लगेच तिथून साफ व्हावं लागतं. ते साफ करणाऱ्या घटकाचं नाव कोलिनेस्टरेज. भाताच्या खाचरासारखं समजा. वरून पाणी येतंय आणि खालच्या बांधाला पाणी बाहेर काढायची वाट ठेवली आहे, तोवर खाचरातली पातळी नीट राहते. ही कीटकनाशकं ती वाट बुजवतात. पाणी येणं चालूच, निघणं बंद. निरोप साचत जातो आणि प्रत्येक ग्रंथी, प्रत्येक स्नायू ‘चालू’च्या अवस्थेत अडकून पडतो.

मग जे दिसतं ते असं: तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून-नाकातून पाणी, दरदरून घाम, मळमळ, उलटी, पोटात कळा, जुलाब. डोळ्याची बाहुली आक्रसून टाचणीच्या टोकाएवढी होते आणि समोरचं धूसर दिसतं. पापणी, गाल, दंडाचे स्नायू आपोआप फडफडतात. छातीत कफ भरतो, श्वास घरघरतो. विष फार असेल तर श्वासाचे स्नायू थकून बंद पडतात, आणि मृत्यू बहुधा तिथे होतो.

किडा मरतो तोही नेमका याच कारणाने. त्याच्या आणि आपल्या नसांची मूळ घडण एकच. फरक अंगाच्या आकाराचा आणि मात्रेचा आहे.

पण रोजच्या व्यवहारात इतकं टोकाचं क्वचितच होतं. होतं ते असं: संध्याकाळी डोकं जड होतं, थोडं गरगरतं, जेवण नको वाटतं, रात्री झोप लागत नाही, हात किंचित थरथरतात. माणूस म्हणतो, ऊन लागलं. घरची माणसंही तेच म्हणतात आणि सकाळी तो पुन्हा पंप उचलतो. ऊन लागणं आणि विषबाधा यांत गोंधळ होणं स्वाभाविक आहे, दोन्हींत डोकं दुखतं, घाम येतो, मळमळतं. घरच्या घरी फरक ओळखायच्या दोन खुणा आहेत. उन्हाने थकलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, या विषबाधेत लाळ सुटते. आणि बाहुल्या बघा. सावलीत नेऊनही त्या बारीकच राहिल्या, तर ते ऊन नव्हे. मात्र बाहुल्या नेहमीसारख्या आहेत म्हणून विषबाधा नाहीच, असा उलटा निष्कर्ष काढू नका.

कार्बामेटने बुजवलेली वाट साधारण एका दिवसात आपली आपण मोकळी होते. ऑर्गेनोफॉस्फेटचं तसं नाही. काही काळाने ती गाठ पक्की बसते आणि मग शरीराला नवं कोलिनेस्टरेज तयार करण्यावाचून मार्ग उरत नाही. रक्तातल्या लाल पेशींमधलं कोलिनेस्टरेज तर नव्या पेशी येतील तसंच भरून येतं, आणि लाल पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं. म्हणजे दिवसाला जेमतेम एक टक्का भर पडते. एका फवारणीत समजा पंधरा-वीस टक्के गेलं आणि पंधरवड्याने पुन्हा फवारणी आली, तर आधीची तूट भरलेलीच नसते. हंगामाच्या शेवटच्या फवारणीला माणूस एकदम आडवा होतो आणि सगळे म्हणतात, “दरवेळी हेच मारतो, आजच कसं काय झालं?” त्या दिवशी विष जास्त नव्हतं, अंगातली शिल्लक संपली होती.

ही शिल्लक रक्ततपासणीत मोजता येते. माणसामाणसांत मुळातच बरंच अंतर असल्यामुळे फवारणीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी एकदा तपासणी करून आकडा जवळ ठेवला, तरच नंतरच्या आकड्याला अर्थ येतो. जे मजुरीवर रोज दुसऱ्यांच्या शेतात फवारतात त्यांच्यासाठी ही तपासणी फार मोलाची आहे. शेतमालकाच्या वाट्याला हंगामात तीन-चार फवारण्या येतात, या मजुराच्या वाट्याला महिनाभर रोज. आणि टाकीत काय कालवलंय हे पुष्कळदा त्याला माहीतही नसतं. या सगळ्या साखळीत सर्वांत उघडा पडलेला माणूस तो आहे.

अलीकडे जास्त वापरली जाणारी पायरेथ्रॉइड आणि निओनिकोटिनॉइड ही घराणी वेगळ्या ठिकाणी काम करतात, या तपासणीत ती सापडत नाहीत. पायरेथ्रॉइड अंगावर बसलं की चेहऱ्याला मुंग्या येतात, जळजळतं. पायरेथ्रॉइडं माणसाला तुलनेने कमी घातक आहेत हे खरं, पण माशांना आणि उपयोगी किड्यांना ती जहाल असतात, आणि भाताच्या शेतात त्याची किंमत किती मोठी ते पुढे येईलच.

दूरच्या परिणामांबद्दल थोडक्यात. पॅराक्वाट या तणनाशकाचा वर्षानुवर्षं संपर्क आलेल्यांमध्ये कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सनचं, प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये मॅलाथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांना ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ गटात घातलं. क्लोरपायरीफॉस गर्भातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरतं असं दाखवणारे अभ्यास आहेत. एका माणसाच्या एका आजाराकडे बोट दाखवून ‘हे त्या फवारणीमुळेच’ असं सहसा सांगता येत नाही, आणि नेमकं त्यामुळेच हे नुकसान कुठल्याच हिशेबात येत नाही.

फिलिपिन्समध्ये मायकेल लोव्हिन्सन यांनी हिशेब वेगळ्या बाजूने मांडून पाहिला. मध्य लुझोन हा तिथला भाताचा पट्टा. १९७०च्या दशकात तिथे सुधारित वाणांबरोबर कीटकनाशकं घरोघरी पोहोचली. लोव्हिन्सन यांनी मृत्यूच्या नोंदी चाळल्या. बायकामुलांचे मृत्यू घटत होते, म्हणजे एकूण आरोग्य सुधारत होतं. पण कमावत्या वयाच्या पुरुषांचे, अपघात-मारामारी वगळून झालेले मृत्यू २७ टक्क्यांनी वाढले होते. वर्षातून दोन पिकं घेणं सुरू झालं तसे मृत्यूंचे महिनेही फवारणीच्या महिन्यांशी जुळायला लागले. कागदावर कारण बहुधा झटका, हृदयविकार असलं काही लिहिलेलं. १९८७ मध्ये हे ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जुळणी म्हणजे पुरावा नव्हे हे मान्य करूनही, एकाच घरातल्या बायकामुलांची तब्येत सुधारते आणि पंप उचलणाऱ्याची तेवढी बिघडते, याला दुसरं पटेल असं कारण सापडत नाही.

पंप हातात नसलेली माणसं

बायका फवारत नाहीत, म्हणून त्यांना धोका नाही असं समजलं जातं. प्रत्यक्षात फवारणीच्या दुसऱ्या दिवशी बेणणीला, म्हणजे तण काढायला, त्याच शेतात बायका उतरतात. कमरेत वाकून, कोपरापर्यंत हात पाण्यात. पानांवरचं विष अजून तिथेच असतं. प्रत्येक विषाला ‘शेतात पुन्हा कधी उतरायचं’ याची मुदत असते आणि ती पाळायची तर फवारणी कधी झाली हे बेणणाऱ्यांना कळायला हवं. त्यांना ते सांगायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. घरी आल्यावर फवारणाऱ्याचे कपडे बाकीच्या धुण्यात पडतात आणि ते उघड्या हातांनी घासणारीही तीच.

मुलं खाचरातले मासे, खेकडे, गोगलगायी धरतात. फवारणीनंतर मासे अर्धमेले होऊन वर येतात, धरायला सोपे जातात. ते मुळीच खाऊ नयेत. मुलांची कातडी पातळ, वजन कमी, त्यामुळे तेवढंच विष त्यांना फार जास्त पडतं.

आणि बाटल्या. रिकामी बाटली पाण्याला, तेलाला वापरणं धोक्याचं आहेच. पण त्याहून जीवघेणी सवय उलटी आहे: मोठ्या डब्यातलं थोडं विष पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून आणणं. झोपेत, अंधारात, तहानेत कुणीतरी ती तोंडाला लावतं. पॅराक्वाटवर तर उताराच नाही. एक घोटही फुप्फुसं निकामी करू शकतो आणि त्या माणसाला वाचवायला डॉक्टरांच्या हातात फारसं काही नसतं.

घरात विष हाताशी असणं याची आणखी एक बाजू आहे, ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. शेतकरी कुटुंबांतल्या कितीतरी आत्महत्या क्षणिक उद्वेगात होतात आणि जवळ जे आहे ते जीव ठरवतं. श्रीलंकेने १९९५ मध्ये सर्वांत जहाल वर्गातल्या कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढे एंडोसल्फान आणि नंतर पॅराक्वाटसकट आणखी काही काढून टाकली. पुढच्या वीसेक वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आला. भाताचं उत्पन्न त्यामुळे घटलं नाही. माणसांची दुःखं तीच राहिली असतील, पण त्या एका वाईट तासात हाताशी आलेलं विष कमी जहाल होतं आणि हजारो माणसं दुसऱ्या दिवशीची सकाळ बघायला उरली. घरात कुणी खचलेलं दिसत असेल तर विष घराबाहेर, कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा. आणि त्या माणसाशी बोला, त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.

हातमोजे घाला म्हणणं सोपं आहे

फवारणीच्या प्रत्येक सल्ल्यात एक ठरलेलं चित्र असतं: नखशिखांत झाकलेला माणूस, रबरी बूट, मोजे, चष्मा, मास्क. हे सगळं घालून दमट उन्हात, गुडघाभर चिखलात, पाठीवर भरलेला पंप घेऊन कुणी तासभर चालून दाखवावं. रबरी बूट चिखलात रुतून बसतो, पाय बाहेर येतो, बूट आत राहतो. अंगभर प्लास्टिक घातलं तर उष्माघाताचीच भीती. त्यामुळे माणूस ते काढतो, आणि मग विषबाधा झाली की ‘काळजी घेतली नाही’ म्हणून दोष त्याच्याच माथी.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून कीटकनाशकांसाठी एक आंतरराष्ट्रीय आचारसंहिता केली आहे. तिच्यात स्पष्ट म्हटलंय की जी कीटकनाशकं वापरायला गैरसोयीची, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात ती टाळावीत, विशेषतः उष्ण हवामानातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या बाबतीत. हे वाक्य माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे. ज्या विषाला अंतराळवीरासारखा पोशाख लागतो ते विष भाताच्या खाचरात येताच कामा नये. ती जबाबदारी विष विकायला परवानगी देणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची आहे.

तोवर विकत घेणाऱ्याच्या हातात एवढं आहे की डब्यावरचं मोठं, रंगीत नाव सोडून खालच्या बारीक अक्षरांतलं मूळ रसायनाचं नाव वाचायचं किंवा कुणाकडून तरी वाचून घ्यायचं. तीन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच रसायन असू शकतं, आणि तिन्ही एकत्र कालवणारा माणूस तिप्पट मात्रा मारत असतो. लेबलवरचा रंगही बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. फक्त हा रंग कशावरून ठरतो ते लक्षात ठेवा: साधारणपणे उंदरांना एकदाच विष देऊन निम्मे उंदीर मरायला किती लागतं यावरून. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात जाण्याने काय होतं ते त्या रंगात नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत पॅराक्वाट ‘मध्यम घातक’ गटात बसतं, यावरून काय ते समजा.

मुळात किती फवारण्या लागतात?

भाताबद्दल एक गोष्ट अशी आहे जी मला समजली तेव्हा या प्रश्नाकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. बाकी काही पिकांत ‘फवारलं नाही तर पीक जाईल’ याला थोडाफार आधार असेल. भातात पुष्कळदा उलटं घडतं: फवारलं म्हणून पीक जातं.

तपकिरी तुडतुड्याचं उदाहरण घ्या. भाताच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसून रस शोषणारा हा चिमुकला किडा शेतंच्या शेतं जळाल्यासारखी वाळवून टाकतो. तो अंडी घालतो पानाच्या देठाच्या आत, वेष्टनाखाली. फवारा तिथे पोहोचत नाही. फवारणीने वरचे तुडतुडे मरतात आणि त्यांच्याबरोबर ते खाणारे लांडगा-कोळी आणि तुडतुड्यांची अंडी शोषणारे मिरिड ढेकूणही मरतात. आठवड्याभरात अंड्यांतून नवी पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारं शेतात कुणीच उरलेलं नसतं. वर आणखी असं की काही कीटकनाशकांच्या कमी मात्रेने तुडतुड्यांची मादी जास्त अंडी घालायला लागते, हेही प्रयोगांत दिसलंय. पीटर केनमोर यांनी फिलिपिन्समध्ये फवारलेल्या आणि न फवारलेल्या शेतांची तुलना करून हे दाखवलं: तुडतुड्यांचा उद्रेक फवारलेल्या शेतात होत होता.

इंडोनेशियात हा धडा फार महाग पडला. सरकार कीटकनाशकांवर भरघोस अनुदान देत होतं, फवारणी वाढत होती आणि तुडतुड्यांचे उद्रेकही वाढत होते. शेवटी १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी एका आदेशाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांना बंदी केली. १९८९ पर्यंत अनुदानही संपवलं आणि अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या, जिथे शेतकरी आठवड्याला एकदा शेतात उतरून किडे ओळखायचे, मोजायचे, कागदावर काढायचे. भाताचं उत्पादन कोसळलं नाही, पुढच्या वर्षांत वाढत गेलं.

पुढे जावा बेटावर विल्यम सेटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे जमतं कसं ते शोधलं, आणि १९९६ मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष मला फार सुंदर वाटतो. लावणीनंतर लगेच भातावर कीड नसतेच, मग कोळी आणि बाकीचे शिकारी जगतात कशावर? चिखलातल्या कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर आणि पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर वाढणाऱ्या चिलटांवर. ही चिलटं पिकाला काहीही करत नाहीत, ती शिकाऱ्यांचं सुरुवातीचं अन्न आहेत. म्हणजे कीड यायच्या आधीच शेताने तिचं बंदोबस्ताचं पथक पोसून तयार ठेवलेलं असतं. लावणीनंतर पहिल्या काही आठवड्यांत ‘खबरदारी म्हणून’ मारलेली फवारणी नेमकी या पथकाचा फडशा पाडते.

ही पहिली फवारणी बहुधा पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी असते. पानांवर पांढरे पट्टे दिसतात, शेत भुरकं दिसतं, शेजारचा बांधावरून हटकतो आणि पोटात गोळा येतो. पण कोवळ्या भाताला पानं आणि फुटवे भरून काढायची मोठी ताकद असते. या वयातलं पानांचं असलं नुकसान उत्पन्नात उतरतच नाही असं व्हिएतनाममधल्या शेतकऱ्यांनी स्वतः करून पाहिलं. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात १९९४ पासून संशोधकांनी त्यांना एवढंच सुचवलं: शेताच्या एका छोट्या तुकड्यात पहिले चाळीस दिवस कीटकनाशक मारू नका आणि कापणीला दोन्हीकडचं भात मोजा. दोन्हीकडे सारखंच भरलं. रेडिओवरच्या छोट्या नाटिकांतून ही गोष्ट पसरली आणि फवारण्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. तज्ज्ञाच्या शब्दापेक्षा स्वतःच्या तराजूवर शेतकऱ्याचा विश्वास बसतो, आणि बसायलाच हवा.

पैशाचाही हिशेब आहे. फिलिपिन्समध्ये ॲग्नेस रोला आणि प्रभू पिंगळी यांनी १९९३ मध्ये भाताच्या किडीच्या बंदोबस्ताच्या वेगवेगळ्या पद्धतींची तुलना केली, आणि खर्चात आजारपण धरलं: दवाखाना, बुडालेले दिवस. ते धरल्यावर मित्रकिड्यांवर भरवसा ठेवून फवारणी न करणं ही पद्धत सर्वांत किफायतशीर ठरली. फवारून वाचलेल्या भातापेक्षा फवारणाऱ्याच्या आजारपणाचा खर्च मोठा निघाला.

याचा अर्थ कधीच फवारू नका असा नाही. भाताच्या चुडाच्या, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्याच्या, बुंध्याशी हाताने हलकेच थापटा, पाण्यावर पडलेले तुडतुडे मोजा, कोळी आणि मिरिडही मोजा, आणि तुमच्या भागासाठी ठरलेल्या पातळीच्या वर गेले तरच विचार करा. नत्र जास्त टाकलं की भात लुसलुशीत होतं आणि तुडतुड्यांना फावतं, तेव्हा युरियाचं पोतं उचलतानाच अर्धा बंदोबस्त होतो किंवा बिघडतो.

कुणी कोसळलं तर

आधी त्या माणसाला शेतातून बाहेर काढा आणि भिजलेले कपडे ताबडतोब उतरवा. कपडे अंगावर आहेत तोवर विष आत जाणं चालूच असतं. साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा, केस, काखा, जांघा, नखं विसरू नका. धुणाऱ्याने हातात रबरी मोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा. उलटी करवू नका. मीठ-पाणी, दूध, तूप, दारू काहीही पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर निजवा आणि दवाखाना गाठा. डबा किंवा लेबल बरोबर न्या, कारण आत नेमकं कोणतं रसायन होतं यावर उपचार ठरतात. ऑर्गेनोफॉस्फेट आणि कार्बामेटवर ॲट्रोपीन हा जुना, स्वस्त आणि खात्रीचा उतारा आहे, वेळेत मिळायला हवा.

आणि बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणू नका. ऑर्गेनोफॉस्फेटच्या मोठ्या विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत मान उचलता येईनाशी होते, दंड-मांड्या लुळ्या पडतात आणि श्वासाचे स्नायूही कमजोर होतात. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी ही अवस्था प्रथम नीट वर्णन केली. त्या वेळी माणूस श्वासाच्या यंत्राच्या जवळ असेल तर वाचतो, घरी असेल तर अवघड. उशीवरून मान उचलून बघायला सांगणं ही तिथली साधी परीक्षा आहे.

फवारायचंच असेल तेव्हा

गळका पंप घेऊन शेतात उतरू नका, वॉशर बदलून, साधं पाणी भरून आधी तपासा. कालवताना मात्र मोजे हवेतच, थोडाच वेळ लागतो आणि विष सर्वांत जहाल असतं तेव्हा. नोझल मऊ ब्रशने किंवा गवताच्या काडीने साफ करा. सकाळी लवकर, वारा मंद असताना, वारा अंगावरून आडवा जाईल अशा बेताने चाला आणि नळी समोर न फिरवता वारा जिकडे वाहतो त्या बाजूला धरा, म्हणजे तुमचं पाऊल कोरड्या भातात पडेल. लांब बाह्या, लांब विजार, आणि कमरेपासून खाली जाड प्लास्टिकचा कागद गुंडाळला तर मांड्या-जांघा बऱ्याच कोरड्या राहतात. पाठीवर पंपाखालीही एक तुकडा. कपडा भिजला की थांबून बदला. मधे बिडी, तंबाखू, खाणं नको. काम संपल्यावर मोजे हातात असतानाच बाहेरून धुवा, मग काढा. अंघोळ लगेच, साबणाने, बाकी कुठलंही काम करायच्या आधी. कपडे वेगळे धुवा. डबा तीनदा विसळून ते पाणी टाकीतच ओता, ओढ्यात नाही, आणि डब्याला भोक पाडा.

शेवटी बांधावर, लोक जिथून शेतात उतरतात त्या जागी, एक काठी रोवा. तिला रंगीत चिंधी बांधा आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोन ओळी लिहून अडकवा: काय मारलंय, आणि कोणत्या तारखेपर्यंत आत उतरायचं नाही. बेणणीला येणाऱ्या बायकांना चिंधीचा अर्थ आधी तोंडी सांगून ठेवा.